आपले चित्र आपल्याच हाताने

ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्या समाजाचे चित्रही दुसऱ्यांनीच काढले. २०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील एका व्यंगचित्रावरून देशभर वादळ उठले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. शंकर यांनी १९४९ साली काढलेले ते चित्र. राज्यघटनारूपी गोगलगायीवर बसलेले विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागे चाबूक उगारून उभे असलेले पंडित नेहरू! संसदेत आवाज उठला, रस्त्यावर निदर्शने झाली आणि ते चित्र पुस्तकातून गेले. पुढे २०१९ साली उन्नमती श्याम सुंदर या आंबेडकरी अभ्यासकाने १९३२ पासून बाबासाहेबांवर निघालेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून प्रसिद्ध केली. ती पाहिली म्हणजे कळते की, प्रश्न एका चित्राचा कधीच नव्हता. पेन्सिल कायम त्यांच्याच हातात होती, हा खरा प्रश्न आहे.

निषेध केला तो योग्यच केला. परंतु निषेधानंतर पेन्सिल आपण हातात घेतली काय? आज आम्ही समाजबांधवांपुढे हाच प्रश्न मांडत आहोत आणि त्याचे एक ठोस उत्तरही सुचवत आहोत. आंबेडकरी तरुणांनी स्वतःचे अ‍ॅनिमेशन लघुपट काढावेत, ते देशविदेशातील महोत्सवांत न्यावेत आणि आपल्या वस्त्यांतही दाखवावेत.

'कार्टून? ते तर पोराबाळांचे!' असे आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील. त्यांना आम्ही नम्रपणे अजिंठ्याला नेऊ इच्छितो. दहाव्या आणि सतराव्या लेण्यात छद्दंत जातक रंगवलेले आहे. सतराव्यात वेस्संतर जातक आहे. एका प्रसंगामागून दुसरा प्रसंग, तोच माणूस पुन्हा पुन्हा, भिंतभर पुढे सरकणारी गोष्ट. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत धम्म पोहोचवायचा तर चित्राने पोहोचवावा, हे भिक्खू संघाला कळत होते. चित्रांची मालिका हे आपले जुने साधन आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी सांगितली जात नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा आगकाड्या हलवून केलेला लघुपट काढला, हे शाळकरी प्रश्नमंजूषेतही विचारतात. परंतु स्वतंत्र भारताच्या सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू केला, १९५६ साली डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षण द्यायला आले आणि १९५७ साली त्या विभागातून 'द बॅनियन डिअर' हा रंगीत अ‍ॅनिमेशनपट बाहेर पडला. त्याची कथा कोणती? निग्रोधमिग जातक! गाभण हरिणीचा जीव वाचवण्यासाठी स्वतःची मान खाटकाच्या ओंडक्यावर ठेवणारा मृगराज म्हणजे बोधिसत्त्व. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पुढच्याच वर्षी मुंबईत तथागतांच्या पूर्वजन्माची कथा पडद्यावर चालूबोलू लागली होती. ज्या समाजाने नुकताच धम्म स्वीकारला होता, त्याच्या वस्तीत तो चित्रपट किती वेळा दाखवला गेला असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

कॅमेरा नव्हता, म्हणून काय झाले?

अ‍ॅनिमेशनच का, याचे खरे कारण वेगळेच आहे. आमच्या इतिहासाच्या बहुतेक निर्णायक क्षणी कॅमेरा हजर नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्या क्षणाची चित्रफीत आपल्यापाशी नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचीही नाही. राजेरजवाड्यांच्या शिकारी, साहेबांच्या मेजवान्या टिपल्या गेल्या, कारण कॅमेरा त्यांचा होता. ज्याचा फोटो नाही त्याचा इतिहास नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर ते रेषेनेच देता येईल.

उदाहरण घेऊ. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लेखनात १९०१ च्या सुमाराचा एक प्रवास आहे. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला. साताऱ्याहून छोटा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले त्यांना भेटायला निघतात. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नाही. चांगल्या कपड्यातली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुलांच्या तोंडून जात कळते आणि त्याचा चेहरा क्षणात बदलतो. बैलगाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. डबे भरलेले आहेत, पण पाणी कोणी देत नाही. भरल्या डब्यानिशी मुले उपाशी झोपतात.

हा प्रसंग नटांना घेऊन चित्रित करायचा तर काय काय लागेल? वाफेचे इंजिन, शंभर वर्षांपूर्वीचे स्टेशन, बैल, पोशाख, रात्रीचे दिवे, परवानग्या आणि काही लाखांचा हिशेब. कागदावर यातले सारे एका पेन्सिलीत मावते. आणि स्टेशनमास्तरच्या चेहऱ्यावरचा तो बदल? मोठ्या नटालाही जो सहज साधणार नाही, तो भुवईची एक रेष आणि मागे सरकणारे एक पाऊल दाखवून जाते. ज्यांच्यापाशी भांडवल नाही, परंतु गोष्ट आहे, त्यांचे हे माध्यम आहे.

शिवाय हा मार्ग अगदीच अनोळखी नाही. याच प्रसंगांवर २०११ साली 'भीमायन' हे चित्रपुस्तक निघाले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढली. आदिवासी हातांनी काढलेले बाबासाहेब जगाने पाहिले आणि वाखाणले. पुस्तकातले चित्र जागेवर थांबते, आता ते चालायला हवे.

किती चित्रे, किती हात?

हे काम कष्टाचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. सहा मिनिटांचा लघुपट म्हणजे ३६० सेकंद, म्हणजे ८,६४० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरण्याची या धंद्यातली जुनी रीत आहे. त्या हिशेबाने ४,३२० चित्रे होतात. तीन जणांनी रोज प्रत्येकी आठ चित्रे काढली तर दिवसाला चोवीस, म्हणजे १८० दिवस. रंग, पार्श्वभूमी, आवाज, संकलन धरून वर्ष लागेल. परंतु वर्षभर सायंकाळी बसणारे तीन तरुण आपल्या एकेका विहारात नाहीत काय? स्पर्धा परीक्षेसाठी पाच-पाच वर्षे अभ्यासिकेत बसणारी आमची मुले आहेत. चिकाटी त्यांना शिकवावी लागणार नाही.

साधनांचे म्हणाल तर पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. ब्लेंडर, क्रिटा, ओपनटून्झ ही सॉफ्टवेअरे फुकट आणि कायदेशीर मिळतात. लॅटव्हियासारख्या लहानशा देशातील गिंट्स झिलबालोडिस या तरुणाने २०१९ साली 'अवे' हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट एकट्याने केला. त्याचा पुढचा 'फ्लो' ब्लेंडरवर तयार झाला आणि २०२५ साली त्याने ऑस्कर पटकावले. आपल्या मुंबईच्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा काडेपेट्यांवरच्या चित्रांत रमणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा पंधरा मिनिटांचा लघुपट स्वतःच्या हाताने चित्रे काढून पूर्ण केला. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पुरस्कार मिळाले. स्टुडिओ नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी एवढी उदाहरणे पुरेत.

हातांविषयी आम्हाला विशेष सांगायचे आहे. आमच्या वस्त्यांत एकेकाळी जयंतीचे बॅनर रंगवणारे पेंटर होते. बाबासाहेबांचा चेहरा ते डोळे मिटूनही काढत. मग फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश अडगळीत गेले. त्यातले कितीतरी आज रिक्षा चालवतात, वॉचमनकी करतात. तरुणाला संगणक येतो पण हात बसलेला नाही, पेंटरकाकांचा हात बसलेला आहे पण संगणक येत नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवणे, हे चळवळीचे काम आहे. हे करायला कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.

कागद आधी, चित्र नंतर

कायद्याच्या क्षेत्रात वावरत असल्याने आम्हाला येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. हौशी मंडळी वर्षभर राबतात आणि कागद नसल्यामुळे महोत्सवाच्या दारात अडकतात. कोणताही जबाबदार महोत्सव कथा, संगीत आणि चित्रांचे हक्क तुमचे आहेत, असे लेखी मागतोच.

पहिला प्रश्न कथेचा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणून 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'सारखे त्यांच्या हयातीतले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले आहे. मात्र निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला ती ६० वर्षे प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ चा, म्हणून मूळ इंग्रजी ग्रंथ २०१८ पासून खुला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुस्तिकारूपाने १९९० साली आले, म्हणून त्याची मुदत २०५० अखेरपर्यंत धरावी लागेल. मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हेही ध्यानात ठेवावे. घडलेली घटना ही कोणाची मालमत्ता नसते, परंतु शब्दरचना असते. मसूरच्या प्रवासावर स्वतःच्या शब्दांत पटकथा लिहिणे वेगळे आणि पुस्तकातील वाक्ये उचलून निवेदनात घालणे वेगळे. दुसऱ्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी हवीच.

दुसरा प्रश्न गाण्याचा. आपल्या मुलांना वाटते, भीमगीत समाजाचे, ते घातले तर कोण विचारतो? विचारतात. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहेत आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कॅसेट कंपनीकडे असतो. नीना पेली या अमेरिकन बाईंनी सीतेच्या कथेवर 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा अ‍ॅनिमेशनपट घरच्या संगणकावर एकटीने केला. २००८ साली तो तयार झाला, पण त्यातील १९२० च्या दशकातील गाण्यांच्या हक्कापायी अडकला. ते हक्क सोडवायला त्यांना सुमारे ५० हजार डॉलर मोजावे लागले. आपल्याला ते परवडणारे नाही. वस्तीतल्या गायकाकडून नवे गीत लिहून-गाऊन घ्यावे आणि त्याच दिवशी करारावर सही घ्यावी.

तिसरा प्रश्न आपसातला. कायद्याने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. चित्रकार, लेखक, संगीतकार यांच्याशी लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. म्हणजे विदेशी महोत्सवात जायच्या वेळी आपलेच हक्क अपुरे! आपण सारे एका चळवळीचे, आपल्यात कागद कशाला, असे म्हणू नये. बाबासाहेबांनी आपल्याला संविधान लिहून दिले आहे, तोंडी सांगितलेले नाही.

महोत्सवाचे दार

मुंबईत माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि महोत्सव आता महामंडळाकडे आहे. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे. फ्रान्समधील आनेसी येथे १९६० पासून केवळ अ‍ॅनिमेशनचा महोत्सव होतो आणि या कलेची ती पंढरीच मानली जाते. अर्ज आता घरबसल्या करता येतात. परंतु बहुतेक विदेशी महोत्सवांचे शुल्क डॉलरमध्ये असते, म्हणून दहा-बारा महोत्सव निवडून, प्रत्येकाचे नियम वाचूनच अर्ज करावा. शुल्कमाफीसाठी नम्रपणे पत्र लिहावे. काही महोत्सव पहिले प्रदर्शन आपल्याकडेच व्हावे अशी अट घालतात, तेव्हा आधी कोठे दाखवायचे हे ठरवून घ्यावे. इंग्रजी उपशीर्षके जाणत्या माणसाकडून करून घ्यावीत. गाडीवाल्याची सातारी बोली तशीच राहू द्यावी, ती पुसू नये. आणि शुल्क घेऊन महिन्याला शेकडो 'पुरस्कार' वाटणाऱ्या दुकानांपासून सावध राहावे. तेथे फक्त पावती खरी असते.

दार कायद्याचेही असते. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ प्रमाणे जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देते, आणि देण्याचा अधिकार आला की न देण्याचाही आला. जून २०१७ मध्ये केरळच्या माहितीपट-लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना ही सूट नाकारण्यात आली. त्यातला एक रोहित वेमुलाविषयी होता! २०२५ साली क्रांतिबा जोतीराव फुले यांच्यावरील हिंदी चित्रपटात प्रमाणपत्र मंडळाने जातींची नावे आणि 'पेशवाई' यांसारखे शब्द बदलायला लावले आणि चित्रपट दोन आठवडे लांबला. जात पाळायला हरकत नाही, तिचे नाव घ्यायला हरकत, असा हा न्याय! अपिलासाठी जे न्यायाधिकरण होते तेही २०२१ साली रद्द झाले. आता थेट उच्च न्यायालय.

तरी घाबरून चालणार नाही. १९७० साली के. ए. अब्बास यांच्या एका लहानशा माहितीपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वतपासणी मान्य केली, परंतु तिला वाजवीपणाची चौकट घातली. १९८९ साली रंगराजन खटल्यात न्यायालयाने सांगितले की, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपायी अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तो तामिळ चित्रपट आरक्षणावर टीका करणारा होता, आम्हाला न पटणारा होता. परंतु जे तत्त्व विरोधकाचे रक्षण करते तेच उद्या आमचेही करील, एवढे भान संविधान मानणाऱ्यांनी ठेवलेच पाहिजे.

आणि एक दार बंद झाले तर दुसरे उभारता येते. २००४ साली मुंबईच्या महोत्सवात भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली. विरोधामुळे ती मागे घेतली, पण अनेक बोलके माहितीपट निवडीतूनच वगळले गेले. तेव्हा चित्रपटकारांनी 'विकल्प' नावाने समांतर महोत्सव भरवला. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये, ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले तेथे, दलित चित्रपट आणि सांस्कृतिक महोत्सव झाला. नागराज मंजुळे तेथे होते. त्यांचीही सुरुवात २००९ च्या 'पिस्तुल्या' या लघुपटाने झाली होती. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे २०१३ साली 'फँड्री' आला. लघुपट लहान असतो, त्याची वाट लहान नसते.

आपला महोत्सव कोणता?

महोत्सवातले पदक हे आमचे ध्येय नव्हे. पदकामुळे गोष्ट जगापुढे साक्ष म्हणून उभी राहते, एवढेच त्याचे मोल. खरा प्रेक्षक आपल्या घरी आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात, भाकरी बांधून येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. एवढा मोठा महोत्सव जगात कोणाकडे आहे? त्या पुस्तकांच्या रांगांत एक पडदा का नसावा? प्रमाणपत्र काढावे, रीतसर परवानगी घ्यावी आणि सहा मिनिटांची गोष्ट दिवसभर दाखवावी. पूर्वी भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव हेच काम करीत होते. डफ-ढोलकी घेऊन गेलेला जलसा आता पडदा घेऊन जाईल.

पैशाचे काय? १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन 'मंथन' उभा केला. विहारांच्या विटा ज्यांनी वर्गणीतून उभ्या केल्या, त्या समाजाला लोकवर्गणी शिकवायची गरज नाही. एका जयंतीच्या डीजेचा खर्च वाचवला तर एका लघुपटाचे संगणक आणि मानधन निघते. देणगीदारांची नावे अखेरीस पडद्यावर यावीत आणि हिशेब विहाराच्या फलकावर लागावा.

२०२७ हे महाडच्या संग्रामाचे शताब्दी वर्ष आहे. शताब्दीला पुतळ्यांना हार पडतील, भाषणे होतील, फ्लेक्स लागतील आणि उतरतील. त्या ओंजळीतले पाणी पुढच्या पिढीच्या डोळ्यांपुढे हलते-चमकते राहायचे असेल, तर ते कोणीतरी चित्रामागून चित्र काढून हलवले पाहिजे. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेब त्यांच्या दारात बसून राहिले नाहीत, त्यांनी आपली लेखणी चालवली. आज लेखणीच्या जोडीला पेन्सिल हवी. आपल्या विहारात या रविवारी वंदनेनंतर तीन नावे लिहून घ्या. एक चित्र काढणारा, एक संगणक जाणणारा आणि एक गोष्ट सांगणारा. उरलेली ४,३२० चित्रे त्यानंतरची आहेत.